दुसरा नमस्कार

ढुंढिराज गायधनींचं श्राद्ध त्यांच्या डोळ्यांदेखत घातलं गेलं, आणि तेही चिनी पोरांनी, अशी कुजबुज गेल्या मे महिन्यात गंगापूर रोडवर सुरू झाली. कुणी सुरू केली ते सांगता येईल, पण नको. त्या बाईंना अजून तिथेच राहायचं आहे. सकाळी हास्यक्लबात ती या कानातून त्या कानात गेली, दुपारी डेअरीवर आली, आणि संध्याकाळी सायखेड्याला पोचली तेव्हा तिच्यात पिंड पडले होते, कावळा शिवला होता आणि जेवणात लाडू होते की जिलबी यावर दोन घरांत वाद झाला होता. त्र्यंबकेश्वरहून चुलतभावाचा फोन आला. तो अण्णांनीच उचलला. पलीकडून चाचरत विचारणा झाली, "अण्णा, सुतक आम्ही धरायचं का हो?" डेअरीवाल्याने तर तोंडावरच विचारलं, "अण्णा, अर्धा लिटर चालू ठेवू ना?"

अण्णा म्हणजेच ढुंढिराज. वय एकाहत्तर. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा न पोचलेल्या पत्रांच्या टेबलावर. माणूस सापडला नाही, घर बदललं, घेण्यास नकार, पत्ता अपुरा, मयत. असली सगळी पत्रं त्यांच्यापुढे येत आणि शिक्का खाऊन आल्या वाटेने परत जात. चौदा वर्षं हे केल्यावर त्यांची एकच खात्री पटली होती, की जगात कुणीही सांगितलेल्या पत्त्यावर राहत नाही.

भाजीवालीच्या तराजूखाली ते वाकून बघत. डॉक्टरांच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि मगच जीभ बाहेर काढत. लग्नपत्रिका आली की आधी पाकिटावरचा शिक्का. "मंगळवारी टाकली आणि आपल्याला शनिवारी मिळाली? म्हणजे पहिल्या यादीत आपण नव्हतो." पत्नी गोदावरीबाईंच्या हातून चहात साखर अंमळ जास्त पडली तर कप खाली ठेवून विचारत, "काय काम आहे?" त्या माउलीने पंचेचाळीस वर्षं ऐकून घेतलं. अलीकडे त्या चहात साखरच घालत नाहीत. अण्णांना त्याचाही संशय येतो.

हे घराणं मूळचं त्र्यंबकचं. यात्रेकरूंचे विधी चालवायचे, त्यांच्या पूर्वजांची नावं वह्यांत सांभाळायची, हा पिढ्यांचा व्यवसाय. मग हेच एकटे टपालात कसे गेले? त्याचीही गोष्ट आहे, आणि ती पुढे लागेल, म्हणून आत्ताच ऐकून ठेवा. श्राद्धात गेलेल्या माणसाच्या जागी जिवंत ब्राह्मण बसवायची रीत आहे. पाटावर बसलेला माणूस तेवढ्या वेळापुरता कुणाचा बाप, कुणाचा आजा. ढुंढिराज सतरा वर्षांचा असताना ऐन वेळी एक जण कमी पडला आणि वडिलांनी याला बसवलं. श्राद्ध होतं एका तरुण माणसाचं. वाढायला त्याची बायको. तिने पानावर भात वाढला, याच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तिकडे बरं आहे ना?"

सतरा वर्षांच्या पोराने काय उत्तर द्यावं? तो अर्ध्या पानावरून उठला. श्राद्धाच्या पानावरून असं उठणं म्हणजे केवढा अपराध, ते त्र्यंबकला सांगायला नको. वडील महिनाभर बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पोराने टपालाची परीक्षा दिली आणि परत पाटावर म्हणून बसला नाही. लोक सांगतात, अण्णांच्या संशयाची सुरुवात तिथून झाली. कोण जाणे आपल्याला कुणाच्या जागी बसवतील!

तर अशा माणसाकडे विहंगने पाहुण्यांचं रजिस्टर दिलं, ही चूक त्याचीच.

विहंग हा पुतण्या. गिरणारे रस्त्याला धरणाच्या फुगवट्याजवळ त्याचं शेतघर आहे. दहा खोल्या, एक मोठा हॉल, आंब्याची झाडं. तिथे मे महिन्यात पंधरा दिवसांचं एक शिबिर आलं. भारतात वाढणाऱ्या कोरियन मुलांचं. बापांच्या नोकऱ्या चाकणला, चेन्नईला, गुरुग्रामला. मुलं इथल्याच शाळांत शिकलेली. त्यांना आपल्या मुळाची थोडी ओळख व्हावी, भाषा, सणवार, नमस्काराची पद्धत कळावी, म्हणून पुण्याच्या सुजिन मॅडम ते भरवत. परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, आणि विहंगचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं. म्हणून तो म्हणाला, "काका, पंधरा दिवस इकडेच राहा. हवा चांगली आहे, आणि रजिस्टरही होईल."

पहिल्या दिवशी दुपारी अण्णांनी एकोणीस नावं लिहून काढली. लिहून झाल्यावर चष्मा पुसला. परत वाचली. मग रजिस्टर घेऊन थेट स्वयंपाकघर गाठलं.

"कुसाबाई, एकोणीस पोरं आहेत. त्यातली आठ किम. पाच ली. चार पार्क. उरली दोन."

कुसाबाई सायखेड्याच्या. शिबिराचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. कणीक तिंबता तिंबता त्या म्हणाल्या, "मंग?"

"मग म्हणजे? आठ किम! एक चेन्नईचा, एक पुण्याची, दोघं गुरुग्रामचे. एकमेकांना ओळखत नाहीत, आणि आडनाव एकच? खोटं नाव सांगायची वेळ आली की माणूस सुचेल ते पहिलं नाव सांगतो. छत्तीस वर्षं नावं वाचली आहेत मी."

"अवो, आमच्या आळीत एकवीस घरं हायेत, त्यातली धा कुट्यांची. आमी समदे चोर का?"

"तुमचं वेगळं."

"आसं कसं येगळं?" कुसाबाईंनी गोळा परातीत आपटला. "लेकरं हायेत ती, अण्णा. सकाळी आली तं पयलं काय इचारलं म्हाईत हे? वडापाव भेटंल का."

अण्णांनी हेही मनात टिपून ठेवलं. कोरियन म्हणवतात आणि वडापाव मागतात.

पुढचे चार दिवस त्यांनी आंब्याखाली खुर्ची टाकून पाहणी केली. जे दिसलं त्याने माणसाची झोप उडावी. या कोरियन मुलांना कोरियन येत नव्हतं! सुजिन मॅडम फळ्यावर अक्षरं काढत आणि मुलं पहिलीच्या पोरांसारखी आ वासून वाचत. चेन्नईचा ली चिडला की तमिळमध्ये बोले. गुरुग्रामची दोघं आपसात हिंदीत भांडत. आणि रोज सकाळी हॉलमध्ये एक विचित्र कवायत चाले. मुली उजवा हात डाव्यावर ठेवत, मुलगे डावा उजव्यावर, दोन्ही हात कपाळापर्यंत नेत आणि अगदी सावकाश गुडघ्यांवर बसत जमिनीपर्यंत वाकत. समोर कुणी नाही. एक रिकामी उशी ठेवलेली. एकोणीस मुलं, रिकामी उशी, आणि नमस्कार.

"विहंग," अण्णा म्हणाले, "त्या उशीवर कोण येऊन बसणार आहे?"

"कुणी नाही हो काका. प्रॅक्टिस आहे."

"कसली?"

"मोठ्यांना नमस्कार करायची. आपल्याकडे नाही का, वाकून करतात."

"आपल्याकडे प्रॅक्टिस करत नाहीत," अण्णा म्हणाले. आणि ते खरंच होतं.

सगळ्यांत जास्त संशय त्यांना आला तो पुण्याच्या सोरा किमचा. सोळा वर्षांची, कपाळावर केस, गळ्यात मोबाइल. ही मराठी बोलायची. साधंसुधं नाही, शाळेत आठवीपर्यंत मराठी घेतलेलं, त्यामुळे पुस्तकातून उचलून आणल्यासारखं. पाचव्या दिवशी ती आंब्याखाली आली आणि हात जोडून म्हणाली, "अण्णा, आपला जन्म कोणत्या साली झाला?"

अण्णांच्या पाठीचा कणा ताठ झाला. इतकं शुद्ध मराठी विहंगलाही येत नव्हतं. "कशाला हवं?"

"सहज विचारले."

सहज कुणी जन्मसाल विचारतं का? बँकेवाले विचारतात, आणि फोन करून फसवणारे. तरी तोंडून निघून गेलं, "चोपन्न."

सोराचा चेहरा एकदम उजळला. "मला वाटलेच होते!" म्हणाली आणि पळाली.

त्यानंतर तीनदा त्यांनी तिला चोरून आपला फोटो काढताना पकडलं. एकदा पाठमोरा, एकदा वर्तमानपत्र वाचताना, आणि एकदा ते खुर्चीत डुलकी घेत असताना. सोळा वर्षांची पोर एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा झोपलेला फोटो कशाला काढेल, याचं एकही समाधानकारक उत्तर अण्णांना सापडलं नाही. शिवाय जेव्हा पाहावं तेव्हा ती सुजिन मॅडमच्या मागे. "शनिवारीच ना? नक्की शनिवारी? रविवार नाही ना करणार?"

शनिवारी काय होतं? थोरामोठ्यांना नमस्कार करायचा कार्यक्रम. इतके दिवस रिकाम्या उशीपुढे केला तो आता खऱ्या माणसांपुढे. रविवारी शिबिर संपणार. मुलांचे आजी-आजोबा सात समुद्रांपलीकडे, तेव्हा मॅडमनी इथल्याच दोन वडीलधाऱ्यांना विनंती केली, अण्णा आणि कुसाबाई. कुसाबाईंनी लगेच ठेवणीतलं पातळ मागवून घेतलं. अण्णांनी विचार करून सांगतो म्हटलं, खोलीत गेले आणि पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहायला बसले.

अर्ज दीड पान झाला. आडनावं संशयास्पद. भाषा अवगत नाही. गुप्त कवायत. छायाचित्रण. एक मुलगी वाजवीपेक्षा शुद्ध मराठी बोलते. सबब चौकशी व्हावी. चौकशी झाली तर शिबिर गुंडाळणार, मुलांना आईबाप घेऊन जाणार आणि विहंगकडे पुढच्या वर्षी कुत्रं फिरकणार नाही, हे अण्णांना कळत होतं. म्हणून त्यांनी अर्ज घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. शनिवारचं बघू, आणि मग ठरवू.

त्याआधी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी, कारण तिने अर्जातलं पहिलं कलमच उडालं. शुक्रवारी जेवताना कुसाबाईंनी खोडी काढली. सोराला म्हणाल्या, "काय गं, त्या गुरगावच्या किम्याशी लय हसून बोलतीस. जमवून देऊ का?"

सोराने तोंडावर हात घेतला. "छे, आजी! तो गिम्हेचा किम आहे. मीसुद्धा गिम्हेचीच. आम्हांला नाही चालत."

"काय नाही चालत?" अण्णांनी वाटीतून मान वर केली.

"विवाह. किम पुष्कळ आहेत ना, म्हणून प्रत्येकाचे मूळ गाव निराळे असते. गिम्हेचे किम, ग्योंगजूचे किम. एका मूळ गावाचे ते एका पूर्वजाचे. आजोबांच्या घरी वही आहे, तिच्यात सगळ्यांची नावे आहेत. आजकाल कायद्याने चालते, परंतु आजोबा रागावले असते."

अण्णांचा घास हातातच राहिला. मूळ गाव. वही. सगोत्र. हे तर सगळं त्र्यंबकच्या घरातलं बोलणं! त्यांनी खिशातला अर्ज काढला, पहिल्या कलमावर रेघ मारली आणि परत ठेवला. पण फोटोचं कलम होतं, शनिवारचं होतं. आणि आता हे नवीन, की हिला आपल्या घरच्या रीती कुणी सांगितल्या?

शनिवार उजाडला. हॉलमध्ये दोन उशा. मुलांनी रंगीत कपडे घातले होते; मुलींना वर आखूड पोलकं आणि खाली घंटेसारखा घेरदार झगा. कुसाबाई पातळ सावरून बसल्या. अण्णाही बसले, खिशावर हात ठेवून. एकेक मूल पुढे येई, कपाळापर्यंत हात नेई, सावकाश वाकून कपाळ टेके. कुसाबाई प्रत्येकाला म्हणत, "शंभर वर्सं जग रं बाबा." अण्णा म्हणत, "औक्षवंत हो," आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोबाइल कुठे आहे ते बघत. चेन्नईचा ली वाकताना घोळदार विजारीत अडकून पडला. लोक हसले. तेवढ्यापुरते अण्णाही.

सतराव्या नंबरला सोरा आली. ती अण्णांच्या बरोबर समोर उभी राहिली. वाकली. उत्तम. अण्णा म्हणाले, "औक्षवंत हो." ती उठली. बाकीच्या मुली उठून बाजूला झाल्या होत्या, ही झाली नाही. तिने परत हात कपाळाला नेले आणि परत खाली वाकू लागली.

सुजिन मॅडम धावत आल्या आणि तिला दंडाला धरून अर्ध्यातूनच उठवलं. चेहरा पांढराफटक. कोरियनमध्ये काहीतरी भरभर बोलल्या. आणि चेन्नईच्या लीने इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "दोनदा मेलेल्यांना करतात!"

"काय म्हणाला तो?" अण्णांनी विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

"अण्णाजी, माफ करा, बहुत गलती हो गई," मॅडम हात जोडून म्हणाल्या. "जिवंत माणसाला एक नमस्कार. जो गया, त्याला दोन. मुलगी चुकली."

"चुकली नाही," अण्णा म्हणाले. ते उशीवरून उठले. "पंधरा दिवस प्रॅक्टिस केली आहे तिने. जन्मसाल विचारून घेतलं आहे. फोटो काढले आहेत. आज वार ठरवून केलं आहे. चूक अशी असते?"

"अण्णा, बसा हो," कुसाबाई म्हणाल्या. "नमस्कार हाय तो, काय करणी नाय."

"तुम्हांला एकच केला ना? मग तुम्ही बसा."

आणि ते निघाले. पायांत चपला सरकवल्या, फाटकाबाहेर पडले आणि शहराकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. खिशात अर्ज. विहंग मागून हाका मारत होता, तिकडे त्यांनी पाठ केली. चोपन्न वर्षांपूर्वी एका पाटावरून उठले होते, आज उशीवरून. परत कुणीतरी त्यांना मेलेल्यांत धरलं होतं, आणि या वेळी तर विचारलंसुद्धा नव्हतं.

बस काही येईना. दहा मिनिटांनी सोरा आली. झगा दोन्ही हातांनी उचलून धरलेला, पायांत काही नाही, रस्ता तापलेला.

"अण्णा, मी क्षमा मागते."

"चप्पल घाल आधी. पाय भाजतील."

"मी विचारायला हवे होते. मला वाटले, विचारले तर आपण नाही म्हणाल."

"कशाला नाही म्हणेन?"

ती एका दमात बोलली, आणि बोलताना पुस्तकातली मराठी कुठल्या कुठे गेली. "माझे आजोबा फेब्रुवारीत गेले. सहा तारखेला. आईबाबा लगेच गेले तिकडे, मला नाही नेलं. माझी दहावी होती ना. सगळे म्हणाले पेपर दे, आजोबांना तेच आवडलं असतं. सगळ्यांनी तिकडे दोन-दोन नमस्कार केले आणि मी इकडे घरी बसून बीजगणित केलं. आज शंभरावा दिवस आहे. आजच करायचा असतो. मग वर्षानेच. तुम्ही चोपन्नचे, तेपण चोपन्नचे. ते पण खुर्चीत असेच झोपायचे, तोंड उघडं टाकून."

अण्णांनी तोंड मिटलं.

अशी गोष्ट कुणीही रचेल. त्यांनी टेबलावर असल्या शेकडो गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "पुरावा?"

दुसरी पोर रडली असती. हिने झग्याच्या आतून एक पाकीट काढलं. "हे त्यांना पाठवलं होतं. परत आलं."

आता पाकीट हातात पडल्यावर अण्णांना जग दिसेनासं होतं. त्यांनी ते उन्हात धरलं. पुण्याचा शिक्का, अठ्ठावीस जानेवारी. शाई खरी. पलीकडचा शिक्का, बारा फेब्रुवारी. कोरियन अक्षरं वेडीवाकडी, नुकत्याच शिकलेल्या हाताची. एक खोडून परत काढलेलं. आणि कोपऱ्यात ती छोटी चिठ्ठी चिकटवलेली, परदेशी टपाल परत येतं तेव्हा असते ती, ओळीने चौकटी असलेली. शेवटच्या चौकटीत फुली. भाषा कुठलीही असो, ती चौकट अण्णांना अंधारातही ओळखू आली असती. मयत.

अशी किती पत्रं त्यांच्या हाताखालून गेली, त्याची मोजदाद नव्हती. पण टेबलावर नुसती पत्रंच यायची. ज्याच्याकडे पत्र परत गेलं ते माणूस त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बस आली, थांबली, कंडक्टरने "शहर, शहर" म्हणून हाक दिली आणि निघून गेली.

"तुझा दुसरा नमस्कार अर्धाच झाला," अण्णा म्हणाले.

"हो. आता मॅडम नाही करू देणार. म्हणतात, जिवंत माणसापुढे नाही चालत. उशीपुढे कर."

"मग उशीपुढे का नको?"

"उशीपुढे पंधरा दिवस केला की," सोरा म्हणाली. "उशी काही बोलत नाही."

अण्णांनी पाकीट तिच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "तुमच्या मॅडमना सांग, आमच्या घरात चारशे वर्षं जिवंत माणूसच मेलेल्याच्या जागी बसतो. फक्त मी बसत नाही." आणि फाटकाकडे वळत म्हणाले, "चल. किती वाजता गेले होते?"

"सव्वाचारला."

पुढचा तासभर शेतघरावर जो घोळ झाला तो अण्णांमुळेच. एकदा बसायचं ठरवल्यावर ते सगळं यथासांग व्हायला हवं. त्यांनी कुसाबाईंकडून पाट मागवला. मग दिशेवरून सुजिन मॅडमशी वाजलं. अण्णांचं म्हणणं, पितरांच्या जागी बसणाऱ्याने उत्तरेला तोंड करायचं. मॅडमचं म्हणणं, नाही, पूर्वज उत्तरेला बसतात, दक्षिणेकडे बघतात.

"दक्षिणेकडे?" अण्णा उडालेच. आयुष्यात ते दक्षिणेकडे तोंड करून जेवले नव्हते, डोकं कुठे करून झोपायचं ते लॉजमध्येसुद्धा होकायंत्र लावून ठरवत. "आमचे वडील असते तर—"

"तुमचे वडील न्हाईत," कुसाबाई म्हणाल्या. "तिचा आजा हाय. त्याला कुठं बघायचं तो बघंल की."

अण्णांनी पाट उचलला, फिरवला आणि दक्षिणेकडे तोंड करून बसले. मॅडम अजून घुटमळत होत्या. "अण्णाजी, आपको कुछ हो गया तो?"

"एकाहत्तर वर्षांचा आहे मी. काही झालं तर या पोरीचं नाव घेऊ नका."

हॉलमध्ये फक्त चौघं. दार लावलं होतं, पण स्वयंपाकघराच्या झरोक्याला दार नसतं, आणि भांडी घासायला आलेल्या बाईंना डोळे असतात. अण्णा पाटावर बसून दोन नमस्कार घेत आहेत, समोर भाताची वाटी, मुलगी रडते आहे. एवढं दिसलं की गंगापूर रोडला पुरतं.

सोराने हात कपाळाला नेले. वाकली, टेकली, उठली. परत वाकली. या वेळी कुणी उठवलं नाही. ती कपाळ टेकून तशीच राहिली आणि खालूनच काहीतरी बोलली, मोडक्या कोरियनमध्ये. अण्णांना शब्द कळले नाहीत. मग तिने मान वर केली आणि मराठीत विचारलं, "आजोबा, तिकडे बरं आहे ना?"

हाच प्रश्न. कुसाबाईंना आठवतं, अण्णांचा हात पाटाच्या कडेवर गेला. उठायच्या बेतात असल्यासारखा. पण ते उठले नाहीत.

"बरं आहे," ते म्हणाले. "दहावीला किती पडले?"

"ब्याण्णव टक्के."

"गणितात?"

"सत्त्याण्णव."

"तीन कुठे गेले?"

सोरा रडता रडता हसली. "बीजगणितात."

"हं," अण्णा म्हणाले. "पेपर दिलास ते बरं केलंस." आणि समोरची वाटी ओढून त्यांनी भात खाल्ला. सगळा. एकही शीत टाकलं नाही.

रविवारी मुलं गेली. अर्ज अण्णांच्या खिशातच राहिला आणि पुढे धोब्याकडे गेला. सोरा जाताना आपला पत्ता देऊन गेली. अण्णांनी तो दोनदा वाचला, पिनकोड तपासला आणि बरोबर आहे म्हणाले. सोमवारी सकाळी डेअरीवर कुजबुज तयार होती. अण्णांनी एकालाही खुलासा केला नाही. उलट ज्याने विचारलं त्याच्याकडेच संशयाने बघितलं, "तुम्हांला कुणी सांगितलं?"

खरं एवढंच आहे. शनिवार, सोळा मे, दुपारी सव्वाचार वाजता, सोरा किमने आपल्या वारलेल्या आजोबांना दोन नमस्कार घातले. आजोबा नव्हते, म्हणून त्यांच्या जागी ढुंढिराज गायधनी बसले. पिंड नव्हते, कावळा नव्हता. लाडू नव्हते आणि जिलबीही नव्हती. भात होता.